मागच्या बोळातल्या घुशी (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

अक्का (९ नंबर): कुणी जागं आहे का? परसातल्या तुळशीच्या कट्ट्याखाली परत माती उकरलीय. काल संध्याकाळीच लिंपून घेतलं होतं. फोटो टाकलाय बघा.

२१ नंबर: आमच्याकडं पण तेच. मोगऱ्याची मुळं कातरून टाकलीत. स्कूटरची वायर वेगळीच.

सेक्रेटरी काका: नमस्कार. पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलेलं आहे. सगळ्या सोसायटीचा मिळून रेट देतो म्हणालाय.

६ नंबर (धाकटा): काका, मागच्या सुगीला पण "विचारलेलं आहे" होतं 😄

सेक्रेटरी काका: तो विषय मीटिंगमध्ये झालेला आहे. ज्यांना यायचं होतं ते आले होते.

१७ नंबर: कशाला एवढी चर्चा? दुकानात औषधाचे केक मिळतात. मी रात्रीच बोळात भिंतीच्या कडेनं ठेवलेत.

वहिनी (११ नंबर): कुठल्या भिंतीच्या? आमची मांजर रात्री तिथंच असते.

१७ नंबर: मग घरात ठेवा की मांजर.

वहिनी (११ नंबर): मांजर आहे ओ ती, पोपट नाही.

५ नंबर (आजी): गणपतीचं वाहन आहे, मारू नये.

६ नंबर (धाकटा): आजी, मग बाप्पाला सांगा पार्किंग दुसरीकडं करायला.

१७ नंबर: (हा मेसेज डिलीट केला आहे)

अण्णा (१४ नंबर): जरा लांबलचक लिहितोय, सवडीनं वाचा. नोकरी सगळी कृषी खात्यात गेली, उंदरांच्या मागं रानोमाळ बरंच हिंडलोय.

आधी जनावर कोणतं ते ओळखा. अक्कांच्या फोटोत बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतोय, म्हणजे घूस. पेव्हर ब्लॉक खचतात, कंपाउंडची भिंत कलते ते हिच्यामुळं. माळ्यावर आणि केबलवरून पळतो तो काळा उंदीर, तो सहसा जमीन पोखरत बसत नाही. आणि तिन्हीसांजेला भिंतीला घासून चिकचिक करत जाते, लांबडं तोंड, उग्र वास, ती चिचुंद्री. तिच्या वाटेला जाऊ नका. ती उंदराच्या जातीचीच नाही, झुरळं-किडे खाते, उलट उपकारच करते.

आता याच दिवसांत का? आपल्या मागच्या रस्त्यापलीकडं ज्वारीची रानं आहेत. काढणी झाली, कडबा उचलला की घुशींना तिथं ना खायला ना आडोसा. मग त्या वस्तीकडं सरकतात. आणि आपण त्यांची बडदास्त ठेवलीच आहे. वर्षाची मालदांडी ज्वारी पोत्यांत भरून मागच्या शेडमध्ये. पाणी रोज येत नाही म्हणून हौद, पिंपं भरलेली, झाकणं अर्धवट. घंटागाडी सकाळी येते आणि खरकट्याची पिशवी रात्रीच बाहेर. हे चालू असेपर्यंत केक काय, पोतंभर औषध टाका, मेलेल्यांच्या जागी दुसऱ्या येऊन बसतील. घुशीचं बीळ रिकामं पडून राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं, सुरुवात औषधानं नको. एका संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या परसातली दिसतील तेवढी बिळं मातीनं बुजवायची. पायानं दाबून नीट. सकाळी उठून बघायचं, कुठली परत उघडलीत. तीच चालू बिळं. बाकीची जुनी, त्यांच्यावर पैसा घालवू नका. पण हे एकट्यादुकट्यानं करून उपयोग नाही. ९ नंबरनं बुजवलं की ती १० नंबरात निघते.

अक्का (९ नंबर): काल तेच झालं की ओ! रात्रीत परत उकरलं.

अण्णा (१४ नंबर): म्हणजे तुमचं बीळ चालू आहे.

अक्का (९ नंबर): अभिनंदन म्हणू का काय म्हणू 🙏

२१ नंबर: अण्णा, पण शेवटी मारायचं कसं ते सांगा ना.

अण्णा (१४ नंबर): पहिल्यांदा पिंजरा. भिंतीला चिकटून ठेवायचा, कारण ती मोकळ्यातून जात नाही, कडेनं जाते. पहिल्या काही रात्री दार तारेनं उघडंच बांधून ठेवा, नुसतं खाऊ द्या. ती नव्या वस्तूला बिचकते. बिनघोर जायला लागली की तार काढा. आमिष म्हणून शिळ्या भाकरीला तेल आणि शेंगाचटणी.

६ नंबर (धाकटा): शेंगाचटणी?? आम्हाला हॉस्टेलला मिळंना, घुशी मजेत.

अण्णा (१४ नंबर): औषधाचं सांगतो. १७ नंबरनी ठेवलेत ते केक बहुतेक ब्रोमाडिओलोनचे असणार, ०.००५ टक्केवाले. त्यानं रक्त गोठायचं थांबतं, घूस काही दिवसांनी मरते. लगेच मरत नाही हाच त्याचा फायदा, बाकीच्यांना संशय येत नाही. पण तो केक उघड्यावर ठेवायचा नसतो. चालू बिळात हातभर आत सारायचा, नाहीतर झाकणाच्या डब्यात, जिथं घूस जाईल पण मांजर आणि पोरांचा हात जाणार नाही. अर्धमेली घूस खाऊन मांजर, घुबडही दगावतं. आणि घुबडाएवढा फुकटचा पेस्ट कंट्रोलवाला दुसरा नाही.

काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, रानात ठीक. घराजवळ नको. तिला उतारा नाही.

आणि धान्यातल्या गोळ्या बिळात टाकून वर माती लोटायची, असं कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढा. ॲल्युमिनियम फॉस्फाइड आहे ते. ओल लागली की विषारी वायू सुटतो, आणि बिळाचं दुसरं तोंड कुणाच्या बेडरूमच्या फरशीखाली निघतं हे वरून कळत नाही. अशानं घरात झोपलेली माणसं गेलेली आहेत. आपल्यासारख्यांनी वापरायची वस्तूच नव्हे ती, ते काम परवानाधारकाचं.

डॉक्टर ताई (३ नंबर): अण्णांना दुजोरा. अजून एक, ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट कुणाच्या घरात पडली असेल तर तीही नको. लहान पोरानं तोंडात घातली तर आधी उलट्या, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात आणि तेवढ्यात लिव्हर गेलेलं असतं. त्यालाही खास उतारा नाही. केक खाण्यात गेला तर निदान व्हिटॅमिन के-वन देता येतं, पण पाकीट सोबत घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.

बिळं बुजवताना हातमोजे आणि बूट घाला. चिखलात घुशीचं मूत असतं, पायाला जखम असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ शकतो. नंतर ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, असं काही झालं तर अंगावर काढू नका.

२१ नंबर: आवाजाचं मशीन मिळतं ना प्लगला लावायचं? ते लावलं तर?

६ नंबर (धाकटा): काका, पैसे वाया. अमेरिकेत २००१ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं असली मशीनं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना तंबी दिली होती, दावे सिद्ध करा म्हणून. आणि आपल्या घुशी परसात मिरवणुकीचा डॉल्बी ऐकून मोठ्या झाल्यात, मशीनला काय भितात!

५ नंबर (आजी): मी पाखरांना ज्वारी टाकते ती पण बंद करायची का? इतक्या वर्षांचा नेम आहे.

अण्णा (१४ नंबर): बंद कशाला आजी, सकाळी टाका. पाखरं उठून गेली की राहिलेली झाडून घ्या. रात्री दाणा पडलेला नको एवढंच.

५ नंबर (आजी): झाडायला सूनबाईला सांगते.

सूनबाई (५ नंबर): मी पण ग्रुपवर आहे आई.

सेक्रेटरी काका: ठीक. मग ठरवू. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बिळं बुजवायची, रविवारी सकाळी बोळातून एक फेरी. मोरीच्या पाइपांना आणि शेडच्या दाराखाली जाळी लागेल. प्लॅस्टिकची चालेल ना अण्णा? स्वस्त पडते.

अण्णा (१४ नंबर): ती रात्रीत कुरतडतील. लोखंडी, पाव इंची. अर्ध्या इंचाच्या फटीतून पिल्लू आत येतं. भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट. ज्वारी पत्र्याच्या कोठीत.

२१ नंबर: जाळीचा खर्च मेंटेनन्समधून का घरटी?

सेक्रेटरी काका: घरटी.

१९ नंबर: आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं आहोत, परस वापरतच नाही.

अक्का (९ नंबर): तुमची कचऱ्याची पिशवी मात्र परसात येते हो, वरनं.

१९ नंबर: 👍 देतो.

१७ नंबर: केक उचलून आणलेत. चार ठेवले होते, तीनच मिळाले.

वहिनी (११ नंबर): चौथा कुठंय?

अण्णा (१४ नंबर): घुशीनं ओढून नेला असेल बिळात. नसेल तर शोधायलाच पाहिजे. फरशीवर चुरा पडलाय का बघा.

डॉक्टर ताई (३ नंबर): वहिनी, मांजर सुस्त वाटली किंवा हिरड्यातून रक्त दिसलं तर व्हेटकडं न्या. पाकिटाचा फोटो १७ नंबरकडून घेऊन ठेवा.

१७ नंबर: फोटो टाकला. बोळातच बघूलालो, दहा नंबरच्या मागं.

वहिनी (११ नंबर): थांबा तिथंच, बॅटरी घेऊन आले.