इस्रायल म्हणे बाबिलोनमध्ये रचला! त्या पोस्टला उत्तर

उत्खननवेडा:
काल इथे एक पोस्ट फिरत होती. त्यात म्हटलंय की ज्यूंचा इ.स.पू. ५०० च्या आधीचा सगळा इतिहास बंदिवासातल्या (इ.स.पू. सहाव्या शतकात यरुशलेम पाडून ज्यूंना बाबिलोनला नेलं, तो काळ) पुजाऱ्यांनी बाबिलोनमध्ये बसून रचला, मोशे नव्हता, राजा दावीद नव्हता, इस्रायल नावाचे लोकच नव्हते. दोनशेच्या वर लोकांनी लाइक केलंय म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

फेरो मेर्नेप्ताहचा विजयस्तंभ इ.स.पू. १२०८ च्या आसपासचा आहे. कनानमध्ये (आजचा इस्रायल-पॅलेस्टाईनचा भाग) कोणाकोणाला झोडपलं त्या यादीत इस्रायल आहे, आणि शहर म्हणून नाही, एक लोकसमूह म्हणून. म्हणजे बाबिलोनच्या सहाशे वर्षं आधी इजिप्तच्या राजाला हे लोक माहीत होते. इ.स.पू. ८५३ ला कारकारच्या लढाईत अश्शूरच्या (आजच्या उत्तर इराकमधल्या) राजाविरुद्ध इस्रायलचा राजा अहाब उभा होता, हे खुद्द अश्शूरच्या राजानेच कोरून ठेवलंय. शेजारच्या मवाबचा राजा मेशा आपल्या शिलालेखात इस्रायलचा राजा अम्री याचं नाव घेतो आणि यहोवाच्या, म्हणजे इस्रायलच्या देवाच्या, वस्तू लुटून आपल्या देवापुढे आणल्याचं सांगतो. १९९३ ला तेल दान इथे सापडलेल्या शिळेवर दावीदाच्या घराण्याचा उल्लेख आहे. हे सगळे शत्रू आहेत हो! शत्रूंनी पुजाऱ्यांना मदत म्हणून खोटे दगड कोरले का?

निर्गमाबद्दल, म्हणजे मोशेने या लोकांना इजिप्तमधून बाहेर काढलं त्या कथेबद्दल, माझं मत वेगळं आहे. सहा लाख पुरुष, वर बायकामुलं, चाळीस वर्षं सिनायच्या वाळवंटात फिरले आणि काही मागमूस नाही, हे मला पटत नाही. कॅथलीन केनियनने १९५० च्या दशकात यरीहो खणलं तेव्हा यहोशवाच्या (बायबलप्रमाणे मोशेनंतर कनान जिंकणारा) काळातली तटबंदी मिळाली नाही, आय नावाचं गाव तर त्या काळात कित्येक शतकं ओस पडलेलं होतं. मग हे लोक आले कुठून? माझ्या मते बहुतेक जण आलेच नाहीत, तिथलेच होते. इ.स.पू. १२०० नंतर कनानच्या मधल्या डोंगराळ भागात अडीचशेच्या आसपास नवी छोटी गावं उभी राहिली, मडकी कनानी घडणीचीच, पण राजवाडा नाही, मोठं देऊळ नाही आणि डुकराची हाडं जवळजवळ नाहीत. किनाऱ्यावरच्या पलिष्ट्यांच्या गावांत मात्र ढिगाने. शहरं कोसळत होती, इजिप्तची पकड सुटत होती, तेव्हा शेतकरी आणि धनगर डोंगरात जाऊन राहिले आणि तिथे एक समाज झाला. यात कमीपणा काय आहे?

थेटबोल:
पोस्ट माझी होती, म्हणून उत्तर देतो. तुम्ही दगड मोजताय, मी धर्माबद्दल बोलत होतो. इस्रायल नावाचे लोक होते म्हणून यहुदी धर्म होता असं होत नाही. सिनायमधल्या कुंतिलेत अजरूदला इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या रांजणांवर काय लिहिलंय? शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा (एक देवी). एकच देव कुठे गेला? आणि इजिप्तमधल्या एलिफंटाईन बेटावरचे ज्यू सैनिक घ्या, इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे याहूचं (म्हणजे यहोवाचंच) देऊळ होतं, यज्ञ होत होते, वर्गणीच्या यादीत याहूसोबत अनात-बेथेल या देवीलाही चांदी दिलेली आहे. इ.स.पू. ४१० ला ते देऊळ पाडलं तर यांनी परत बांधायची परवानगी थेट यहूदाच्या (यरुशलेमभोवतालच्या प्रांताच्या) सुभेदाराकडे मागितली, यरुशलेमशिवाय कुठेही बळी द्यायचा नाही हा नियम त्यांच्या गावीही नाही. त्यांच्या कागदांत मोशेचं नावसुद्धा नाही. तोरा (ज्यूंचा मोशेच्या नावावरचा धर्मग्रंथ) हजार वर्षं जुनी असती तर असं झालं असतं?

रेवदंड्याची लेक:
मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली ज्यू आहे, आता इस्रायलमधल्या अश्दोदला असते. वाचून राहवलं नाही.

थेटबोल, कागदात नाव नाही म्हणजे धर्म नाही हे तुम्ही आमच्याकडे बघून बोला. नवगावच्या किनाऱ्यावर सात जोडपी वाचली आणि ग्रंथ बुडाले असं आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो. आमच्या पूर्वजांकडे तोरा नव्हती, हिब्रू विसरली होती. पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. मुलाची सुन्नत आठव्या दिवशी. खवले नसलेला मासा घरात यायचा नाही. जन्म असो मरण असो, शेमा ही प्रार्थना म्हणायची. माझी आजी मलिदा करताना पोहे, गूळ, खोबरं कालवत एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) नाव घ्यायची, तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. धर्म आधी हातात असतो. एलिफंटाईनचे लोक याहूचं देऊळ सांभाळत होते, वल्हांडण सणाबद्दल त्यांना इ.स.पू. ४१९ ला पत्र आलेलं आहे. ते तुम्हाला ज्यू वाटत नाहीत, तर मग आम्हीही नाही.

पेठेतला मुशाफिर:
ताई, हे वाचून खूप बरं वाटलं कारण मी कधीपासून म्हणतोय की आम्ही कोकणस्थ आणि तुम्ही एकाच जहाजातले, आमच्याकडेही चौदा प्रेतं किनाऱ्याला लागली आणि परशुरामाने जिवंत केली, तुमची सात जोडपी म्हणजे चौदाच झाले, आणि घारे डोळे, गोरा रंग हे सगळं काय उगाच आहे का, इतिहासकार मुद्दाम यावर लिहीत नाहीत.

उत्खननवेडा:
मुशाफिर, दोन समाजांची कथा सारखी आहे यावरून ते एकाच किनाऱ्यावर शेजारी राहिले एवढंच कळतं. कथा उचलल्या जातात. डोळ्यांच्या रंगावरून वंश ठरवायचा धंदा साहेबाच्या काळात झाला तेवढा पुरे.

पेठेतला मुशाफिर:
म्हणजे त्यांची जहाजफुटी खरी आणि आमची उचललेली? हे कुठलं शास्त्र? आमचं नाव आलं की लगेच थोतांड.

रेवदंड्याची लेक:
नाही, आता मला बोलू द्या. लहानपणापासून ऐकतेय हे. शाळेत बाई सांगायच्या, तुम्ही म्हणजे ते कोकणस्थांसारखेच ना. तुमच्या गोरेपणाला परदेशी पुरावा हवा असतो तेव्हा आम्ही आठवतो. आम्ही घाणे चालवत होतो तेव्हा कुणी आमच्या घरी पाणी प्यायला येऊन म्हणालं का की आपण एकाच जहाजातले? आणि इकडे आलो तर उलटं. १९६० च्या दशकात इथे आमच्या लग्नांच्या वेळी आजीपणजीचं कूळ विचारायचे, माझ्या मावशीचं ठरलेलं लग्न त्यात कितीतरी महिने अडकलं. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे १९६४ ला क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. तिकडे आम्ही कुणाचा तरी पुरावा आणि इकडे आम्हालाच पुरावा मागतात.

सह्याद्रीपुत्र:
ताई, राग समजतो. पण २०१६ चा जनुकीय अभ्यास आहे ना. बेने इस्रायलमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी जुळणारा अंश आहे आणि भारतीय अंशही मोठा आहे, आईकडून जास्त. म्हणजे परंपरा पोकळ नाही.

रेवदंड्याची लेक:
आभारी आहे. रक्त तपासायच्या आधीही नव्हती.

थेटबोल:
आपण मूळ विषयापासून फार लांब आलो. ताईंच्या मुद्द्यापुरतं एवढं देतो की आचार ग्रंथाच्या आधी असू शकतो. पण माझा प्रश्न राजांच्या गोष्टींचा आहे. त्या कित्येक पिढ्यांनंतर बाबिलोनमध्ये लिहिल्या, त्यावर विश्वास का ठेवायचा?

उत्खननवेडा:
कारण पडताळून बघता येतं. इ.स.पू. ७०१ ला अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर आला. त्याच्या स्वतःच्या नोंदीत यहूदाचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदीची नगरं घेतली, त्याला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा यरुशलेमात कोंडला, आणि खंडणीत ३० किक्कार (जुनं वजनाचं माप) सोनं घेतलं असं आहे. बायबलमधला २ राजे १८ उघडा. सोनं ३० किक्कारच! चांदीचा आकडा जुळत नाही, सन्हेरीबाकडे ८०० आणि बायबलमध्ये ३००, पण सोनं जुळतं. यहूदातल्या लाखीश नगराचा वेढा सन्हेरीबाच्या निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतींवर कोरलेला होता, आज लंडनला आहे, आणि लाखीशला खणल्यावर अश्शूरी सैन्याचा चढाव मातीत सापडला. बाबिलोनमधल्या पुजाऱ्याला हा आकडा स्वप्नात दिसला का? त्याच्यासमोर जुन्या दरबारी नोंदी होत्या. त्याने त्या निवडल्या, कापल्या, प्रत्येक राजाला चांगला-वाईट शेरा मारला, ते मला मान्यच आहे. आणि यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमला १९७९ ला चांदीच्या दोन गुंडाळ्या मिळाल्या, तोरामधल्या गणना ६ चा याजकांचा आशीर्वाद त्यांवर आहे, काळ यरुशलेमचं मंदिर पडायच्या सुमाराचा, बहुतेक थोडा आधीचा. यरुशलेमच्या थडग्यात. बाबिलोनमध्ये नाही.

थेटबोल:
बरं, हिज्कीया घ्या, अहाब घ्या, दावीद नावाचा कुणी घराण्याचा मूळपुरुष होता तेही घ्या. दावीदाचा मुलगा शलमोन याचं ते फरात नदीपासून इजिप्तच्या सीमेपर्यंतचं राज्य मात्र मी देणार नाही. इ.स.पू. दहाव्या शतकातलं यरुशलेम एक डोंगरी गाव होतं.

उत्खननवेडा:
गाव होतं की छोटी राजधानी यावर खणणारेच अजून भांडतायत, त्यामुळे तिथे मीही तुम्हाला ओढणार नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये ‘इस्रायल नावाचे लोकच नव्हते’ असं वाक्य अजून तसंच आहे. ते काढा.

पेठेतला मुशाफिर:
आणि चौदांचं काय?

रेवदंड्याची लेक:
नवगावला आमच्या त्या जहाजफुटीचं स्मारक आहे. अलिबागहून जवळ आहे. तुम्ही तुमचे चौदा कुठे आहेत ते शोधा.