परदेशी मॅनेजर सगळ्यांसमोर 'सोपं करून' समजावतो, काय बोलू? (मदत हवी आहे)

कोरं_पान
खूप वैतागले आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. मॅनेजर परदेशी आहे. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की मधेच तोडतो, 'थांब, मी सोपं करून सांगतो' म्हणतो आणि माझंच म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत मांडतो. परवा माझ्या देखत दुसऱ्याला विचारलं, 'हिला कळलंय ना?' अहो, ते मॉड्यूल मी लिहिलंय! नोकरी सोड असं कृपया सांगू नका, ते आत्ता शक्य नाही. त्या क्षणी नेमकं काय बोलायचं एवढंच हवंय. जरा लवकर सांगा.

पाचवा_खांब
कुठल्या देशाचा आहे? तुमचा थेट बॉस आहे का? सगळ्यांशीच असा वागतो की फक्त तुमच्याशी? किती दिवस चाललंय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

कोरं_पान
देश सांगितला तर ओळख पटेल. थेट बॉस आहे, चार महिने झाले. बाकीच्यांशी कसा वागतो याकडे मी लक्ष दिलेलं नाही, माझंच मला पुरे झालंय.

सरळ_रेघ
देशाने फरक पडतो हो. गीर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून सत्ता-अंतराचा, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतली दरी लोक किती मान्य करतात याचा, निर्देशांक मांडला. त्यात भारत ७७ वर आणि नेदरलँड्स ३८ वर आहे. म्हणजे आपण वरिष्ठाला मधे अडवत नाही आणि तो थांबायला सांगेपर्यंत बोलत राहतो. काही ठिकाणी तोंडावर 'हे चुकीचं आहे' म्हणणं हा प्रामाणिकपणा समजतात. मी असा एक बॉस तीन वर्षं काढला. पहिलं वर्ष रोज अपमान वाटायचा. मग एकदा मीही त्याला तसंच तोंडावर सांगितलं, तर त्याला उलट आनंद झाला!

उंबरठा
सरळ_रेघ, ते आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. एकेका माणसाला ते लावू नयेत असं खुद्द हॉफस्टेडनेच बजावलंय. आणि स्पष्ट बोलणं वेगळं, कमी लेखणं वेगळं. 'तुझं डिझाइन चुकलंय' हा स्पष्टपणा झाला. 'हिला कळलंय ना?' हे तिला वगळून तिच्याबद्दल बोलणं आहे, आणि ते कुठल्याही देशात उद्धटपणाचंच. संस्कृतीच्या नावाखाली त्याला सूट देऊ नका.

सरळ_रेघ
सूट कुठे दिली? हेतू ओळखा एवढंच म्हणतोय. ज्याला आपण दुखावतोय हेच माहीत नाही, त्याला एकदा सांगून भागतं. जो जाणूनबुजून करतो त्याच्यासाठी दुसरा मार्ग.

शब्दवेल्हाळ
यात उच्चारांचा भाग असतो, ते आधी सुधारा. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन: एकात खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आणि आघात पाहा. 'डेव्हलप'मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर हवा, आपण पहिल्यावर देतो. 'डिटरमाइन' तर सरसकट ऐकू येतं, ते 'डिटर्मिन' आहे. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचा, दोन महिन्यांत फरक दिसेल.

उंबरठा
तिने उच्चारांबद्दल विचारलेलंच नाही.

कोरं_पान
माझे उच्चार ठीक आहेत. शिवाय इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही.

शब्दवेल्हाळ
मग हे आधी सांगायचं ना. तरीही वाचन सोडू नका.

रात्रपाळी
ताई, फोनवर सगळं रेकॉर्ड करा आणि थेट एचआरला ऐकवा. पुरावा असला की बोलती बंद.

पाचवा_खांब
कृपया हे करू नका! जर्मनीत खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं फौजदारी गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. टीम चार देशांत पसरलेली असेल तर कुठला कायदा लागेल हे आपण ठरवणार नाही. स्वतःच्या वहीत लिहा: तारीख, मीटिंग, त्याचे नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिहा. ऑफिसच्या मेल स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच तुमच्यावर उलटेल.

सातवी_घंटा
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामाच्या ठिकाणच्या हिंसा-छळाविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार (२०१९) मानसिक इजाही धरतो, आणि प्रकार एकदाच घडला तरी धरतो. पण तो मंजूर केलेल्या देशांवरच बंधनकारक आहे, आणि 'सोपं करून सांगतो' एवढ्यावर कुणी तक्रार उचलून धरेल असं मला वाटत नाही. मी एचआरमध्ये अकरा वर्षं काढली. 'तो मला तुच्छ लेखतो' हे आमच्या हातातून निसटायचं. 'या तीन तारखांना माझं सादरीकरण तोडलं, त्यामुळे क्लायंटने माझे प्रश्न दुसऱ्याला विचारले' हे निसटत नसे. कामावर काय परिणाम झाला ते लिहा. बाकी, एवढी घाई कशाची आहे?

कोरं_पान
अर्धवार्षिक रिव्ह्यू बारा दिवसांवर आलाय. तोच घेणार आहे.

सातवी_घंटा
अगं, हे पहिल्या ओळीत हवं होतं! मग आज दोन कामं कर. स्वतःच्या मूल्यमापनात ते मॉड्यूल तू लिहिलंस हे तारखेनिशी नोंदव. आणि रिव्ह्यूच्या आधीच त्याच्याशी एकटीने अर्धा तास बोल. आरोप नको. दोन प्रसंग सांग आणि विचार, 'माझ्या कामाबद्दल काही शंका आहे का?' शंका असली तर ती आत्ताच बाहेर येऊ दे. नसली तर 'नाही' हे त्याच्या तोंडून येईल. त्यानंतर 'आपण बोललो त्याप्रमाणे' अशी दोन ओळींची मेल टाक.

उंबरठा
आणि त्या क्षणासाठी: 'आय विल फिनिश माय पॉइंट, देन ओव्हर टू यू.' आवाज न चढवता, 'सॉरी' न लावता. 'हिला कळलंय ना?' आलं तर दुसऱ्याने तोंड उघडायच्या आत तूच, 'आय कॅन आन्सर दॅट. आय रोट धिस मॉड्यूल.' घरी मोठ्याने दहा वेळा म्हण, नाहीतर ऐनवेळी घशातच राहतं.

सरळ_रेघ
हे मात्र पटलं. फक्त वाक्य झालं की लगेच पुढचा मुद्दा मांडा. शांतता ठेवलीत तर तो ती भरून काढेल.

कोरं_पान
आज मीटिंग झाली. पहिल्या वेळी आवाज कापला, पण वाक्य पूर्ण म्हटलं. तो 'शुअर' म्हणाला आणि गप्प बसला. दहा मिनिटांनी परत तोडलं, मी परत तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तोडलं नाही. नंतर एका सहकाऱ्याचा मेसेज आला, 'माझ्याशीही असंच वागतो, मला वाटायचं मीच कमी पडतोय.' हे मला माहीतच नव्हतं. एकटीने बोलायची वेळ सोमवारची मिळालीय.

पाचवा_खांब
पहिल्या प्रतिसादात हेच विचारलं होतं! त्यालाही आजपासून वही ठेवायला सांगा. एचआरकडे जायची वेळ आलीच तर साथ देईल का, हेही विचारून ठेवा.

कोरं_पान
विचारलंय. मेसेज वाचलाय त्याने, उत्तर अजून नाही.