घरराखणीसाठी बंदूक: परवाना सोपा करावा की नाही?

वस्तीवरचा
डिसेंबर 2019मध्ये शस्त्र कायद्यातली दुरुस्ती 9 तारखेला लोकसभेत आणि 10 तारखेला राज्यसभेत मंजूर झाली. तेव्हा सगळा खल कशावर झाला? एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात यावर. आधी तीन चालायच्या. सरकारने एकच म्हटलं, वाडवडिलांच्या बंदुकांचं काय करायचं म्हणून ओरड झाली, शेवटी दोनवर तोडगा निघाला. परवान्याची मुदत तिनाची पाच वर्षं झाली. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे ठीकच. पण ज्याच्याकडे एकही बंदूक नाही त्याला घरराखणीसाठी ती कुठल्या निकषावर मिळावी, याबद्दल त्या दुरुस्तीत एक ओळ नाही.

आमच्याकडे घरं मळ्यात असतात. गाव लांब, ठाणं त्याहून लांब. दरोडेखोर येतात ते रात्री एक-दोनला. आधी कुत्र्याला गप्प करतात, मग म्हातारा-म्हातारी झोपलेल्या खोलीला बाहेरून कडी घालतात. 112ला फोन लागला तरी चिखलातून गाडी यायला हवी ना! अशा माणसाने अर्ज केला की 'कारण समाधानकारक नाही' असा शेरा, आणि गावातल्या ठेकेदाराच्या कमरेला पिस्तूल. ज्याच्यावर गुन्हा नाही आणि ज्याने प्रशिक्षण घेतलंय, अशा वस्तीवरच्या माणसाला एक लांब नळीची बंदूक मिळायला हवी, तीही साहेबाच्या मर्जीवर न राहता. आसाम सरकारने मे 2025मध्ये संवेदनशील भागातल्या मूळ रहिवाशांना परवाने द्यायचं ठरवलंच की.

माजी गृहशाखा
मी कलेक्टर कचेरीत शस्त्रपरवान्याच्याच टेबलावर होतो, म्हणून सांगतो. वस्तीवर दरोड्याची भीती आहे असं लिहिणारा अर्जदार क्वचित. बाकी सगळ्यांचा मजकूर एकाच झेरॉक्सवाल्याने लिहून दिल्यासारखा: 'व्यवसायानिमित्त मोठी रोकड बाळगावी लागते, राजकीय वैमनस्यातून जीवितास धोका आहे.' मागे आमदाराचं शिफारसपत्र टाचलेलं. गुन्ह्यांच्या रकान्यात 'न्यायप्रविष्ट'. मर्जी काढून टाका म्हणता, पण ती आहे म्हणून यांना नाही तरी म्हणता येतं. मस्साजोगच्या सरपंचांचा डिसेंबर 2024मध्ये खून झाला, तेव्हा बीड जिल्ह्यात 1,200हून जास्त परवाने असल्याचं बाहेर आलं आणि मग रद्द करायची धावपळ सुरू झाली.

शिवाय वस्तीवर बंदूक आहे हे चार गावांना आधी कळतं. उद्या दरोडा त्या बंदुकीसाठीच पडेल.

वस्तीवरचा
साहेब, बीडचे परवाने काय आभाळातून पडले? मर्जीनेच दिले ना? जम्मू-काश्मीरमध्ये 2012 ते 2016 दरम्यान पावणेतीन लाखांवर परवाने नियम धाब्यावर बसवून वाटले गेले, असं सीबीआयचं म्हणणं. त्या फायलींवरही कुणाच्या तरी सह्या होत्याच. नाही म्हणायची सोय सगळी आमच्यासारख्यांसाठी वापरली जाते.

काळा कोट
शस्त्र कायद्याचं कलम 13 दोघांनीही वाचलेलं दिसत नाही. किमान 20 इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा पीकराखणीला ठासणीची मागितली, तर परवाना 'द्यावा' असंच कायदा 1959पासून म्हणतो. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी सबळ कारण लागतं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळताही येत नाही. मात्र कलम 14मध्ये सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेची पळवाट आहे, आणि शेरे तिच्यातूनच येतात. त्यावर अपील करा. लोक करत नाहीत.

आता बंदूक मिळाल्यावरचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41प्रमाणे जबरी चोरी होत असेल किंवा सूर्यास्त ते सूर्योदय घरफोडी होत असेल, तर बचाव करताना चोराचा जीव गेला तरी तो हक्कात बसतो. पण कलम 37 म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. 2010च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की जीवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार सोन्याच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. हे वाचून फार खूश होऊ नका. शवविच्छेदनाच्या अहवालात गोळी छातीतून शिरली की पाठीतून, हे आधी पाहतात. पाठीतून असेल तर 'तो पळत होता' एवढ्या एका वाक्यावर तुमची पुढची काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर.

बाराबोर
कर्नाटकातल्या कोडगूत कोडव समाजाला परवान्यातूनच सूट आहे, 2029पर्यंत. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021मध्ये ती वैध ठरवली. तिथे काय रोज मुडदे पडतात?

थोरली सून
सगळे दरोडेखोराबद्दल बोलताय. तो येईल तेव्हा येईल. घरात दारू पिऊन येणारा रोज येतो. नियमाप्रमाणे बंदूक कुलपात ठेवायची, ती किल्ली कुणाच्या करदोट्याला असणार? पोलीस चौकशीला येतात तेव्हा ओट्यावर बसून चहा घेतात, शेजाऱ्याला विचारतात, सरपंचाला विचारतात. आत बाईला कुणी विचारत नाही. कॅनडात परवान्याच्या अर्जावर बायकोची सही मागतात, गेल्या दोन वर्षांत वेगळी झालेली असेल तर तिचीसुद्धा. सही नसली तर तिला कळवतात. आपल्याकडे एवढं आणा, मग निकष सोपे करायचं बोला. आणि हो, कोडगूचं कौतुक कोडगूच्या बायकांना विचारून सांगा.

वस्तीवरचा
ताई, सहीची अट मला मान्य. लेखी घ्या.

मिझुरीकर
इकडे अमेरिकेत, मिझुरी राज्यात, घरात घुसणाऱ्यावर गोळी चालवायला कायद्याची भक्कम पाठराखण आहे. तरी एप्रिल 2023मध्ये कॅन्सस सिटीत काय झालं? 16 वर्षांचा मुलगा भावंडांना आणायला गेला, चुकीच्या घराची बेल वाजवली, आणि 84 वर्षांच्या घरमालकाने काचेच्या दारातूनच गोळ्या झाडल्या. मुलगा वाचला. म्हाताऱ्याचं म्हणणं, मी घाबरलो होतो. खरंच घाबरला असेल, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात बंदूक होती हेच तर दुखणं. तुमच्या वस्तीवर रात्री पाहुणा येतो, गाडी बंद पडलेला येतो, वाट चुकलेला ऊसतोड मजूर येतो.

तळकोकणी
दरोडे आमच्याकडे नाहीत, रानडुकरं आहेत. माझ्याकडे शेतीसंरक्षणाचा परवाना, ठासणीची बंदूक. दारू ओतायची, वर काथ्या ठासायचा, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचं, मग केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, लावायची. एवढं होईपर्यंत दरोडेखोर जेवून जाईल, तेव्हा वस्तीवरच्यांनी हिच्यावर भरवसा ठेवू नये. आम्हाला मुख्यतः आवाजच हवा असतो. हा काही शिकारीचा परवाना नव्हे.

आमची तक्रार वेगळी. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. नळीला सुतळीने नावाची चिठ्ठी बांधतात आणि हातात पावती देतात. 2024मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, काजू आणि आंबा ऐन भरात. विधानसभेची 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं. दोन्ही हंगाम वानरांनी आणि डुकरांनी साजरे केले. आमच्या ठासणीने मतदान केंद्र कोण लुटणार होतं, हे आयोगाला ठाऊक.

माजी गृहशाखा
सरसकट जमा करायच्याच नसतात. जिल्ह्याला छाननी समिती असते, कुणाची बंदूक घ्यायची ते तिने ठरवायचं. शेतीसंरक्षणवाल्यांनी वेळेत अर्ज केला तर सूट मिळते.

तळकोकणी
केला होता. समितीची बैठक झाली तेव्हा भात झोडून झालं होतं.