शीला ई. यांचा 'द ग्लॅमरस लाइफ': ह्यात हातानं काय वाजवलंय आणि मशीननं काय?

धोटा_७१

नमस्कार मंडळी. प्रश्न एकच आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, म्हणून थोडं लांबतंय.

माझी भाची इथं सोलापुरात एका पथकात ताशा वाजवते. हात चांगला आहे तिचा, तर्री (काड्यांची सलग थरथर) अशी सोडते की अंगावर काटा येतो. गेल्या रविवारी मी तिला माझा सगळ्यात लाडका अल्बम ऐकवला. शीला ई., 'द ग्लॅमरस लाइफ', जून १९८४ चा. सहाच गाणी. पहिलं अर्धं ऐकलं आणि कानातनं इयरफोन काढून म्हणाली, "मावशी, हे सगळं मशीन आहे गं. ह्यात वाजवलंय कुणी?"

मला ते फार लागलं. तिला उत्तर देता आलं नाही, ह्याचं जास्त.

१९८५ च्या दिवाळीत मस्कतचा मामा वीस दिवसांसाठी आला होता. त्यानं आणलेल्या कॅसेटींत ही एक होती. परत जाताना तो ती घेऊन जाणार, म्हणून मी नव्या पेठेतल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात जाऊन भरून घेतली. नव्वद मिनिटांची टेप, आधी दुसरीच गाणी होती तिच्यावर, उरलेल्या जागेत ही. दुकानदारानं बॉलपेननं कव्हरवर लिहून दिलं, 'शीला ई'. आईनं वाचलं आणि विचारलं, "ही शीला कुणाची?" तिला वाटलं शाळेतली मैत्रीण. मी म्हटलं, अमेरिकेतली बाई आहे, ढोल वाजवते. आई थांबली. म्हणाली, "बाई? आणि ढोल?" मी तेव्हा आठवीत. गल्लीत गणपतीला हलगी लागली की पोरांना हातात द्यायचे, मला कधी दिली नाही. म्हणून ते नाव माझ्या डोक्यात रुतलं.

आमचं घर पूर्व भागात, भिंतीपलीकडं वडिलांचे चार माग. माग चालू असताना घरात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. लाइट गेली की माग थांबायचे, गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि मी टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून ही कॅसेट लावायचे. म्हणजे हा अल्बम मी ऐकला तो लाइट नसतानाच. सेल उतरत आले की टेप संथ चालायची, आवाज जड व्हायचा. मला तोच खरा वेग वाटत होता. किती वर्षांनी पहिल्यांदा फोनवर ऐकला तेव्हा वाटलं, कुणीतरी गाणी पळवलीत!

आणि अजून एक. शेवटचं गाणं, ज्यावरून अल्बमचं नाव आहे, माझ्या टेपवर मध्येच तुटतं. टेपच संपली होती. मला वाटायचं गाणं तेवढंच. ते नऊ मिनिटांचं आहे हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. म्हणजे जिथं ती खरी वाजवायला लागते तिथं माझं बटण खटकन् वर येत होतं.

तर माझा प्रश्न: जाणकारांनो, ह्यात नेमकं तिच्या हाताचं काय आहे? भाचीला बोट ठेवून दाखवता यायला हवं.

रेकॉर्डिंगवाला

ताई, तुमची भाची निम्मी बरोबर आहे. रागावू नका, आधी ऐका.

मी भजनी मंडळं, जागरण-गोंधळ, शाळेची गॅदरिंगं असलं रेकॉर्डिंग करतो, पण हा अल्बम मलाही पाठ आहे. खालचा जो पाया आहे, धप्-टक् धप्-टक्, तो ड्रम मशीनचा. ह्या अल्बममागं अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्स होता, आणि तो त्या काळात लिन एलएम-१ नावाचं यंत्र वापरायचा. रॉजर लिननं १९८० मध्ये बाजारात आणलेलं, खऱ्या ड्रमचे आवाज साठवून वाजवणारं पहिलं यंत्र. प्रत्येक आवाजाचा सूर खालीवर करायची सोय त्यात होती आणि प्रिन्सनं ती मनसोक्त वापरली. म्हणून त्याच्या गाण्यांतला ड्रम ओळखीचा असूनही ओळखीचा वाटत नाही.

आता बोट कुठं ठेवायचं ते सांगतो. एलएम-१ मध्ये काय होतं? किक, स्नेअर, हाय-हॅट (छोट्या झांजांची जोडी), टॉम, काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल), टाळी, डफली, कबासा (मण्यांचं खुळखुळ्यासारखं वाद्य), क्लेव्ह (दोन लाकडी दांड्या), काउबेल (काडीनं वाजवायची घंटी). काय नव्हतं? टिंबाले नव्हते. क्रॅश आणि राइड ह्या मोठ्या झांजाही नव्हत्या, कारण झांजेचा आवाज लांब रेंगाळतो आणि तेवढा साठवायला त्या काळात मेमरी महाग. म्हणजे अल्बममध्ये जिथं टिंबाले ऐकू येतील, तिथं माणूस आहे. तिथं शीला आहे. काउबेलवर मात्र पैज लावू नका, ती दोन्हीकडची असू शकते.

टिंबाले म्हणजे धातूची दोन उथळ पिंपं, वरून मढवलेली, खालून उघडी, स्टँडवर लावून उभ्यानं वाजवायची. आवाज उंच आणि कोरडा. भाचीला सांगा, खाली मशीन चाललंय ते विसर, त्याच्या वर पत्र्यासारखं जे कडकडतंय तेवढंच धर. शेवटच्या गाण्याचा उत्तरार्ध लावा, जो तुमच्या टेपवर नव्हता. त्यात शोधावं लागत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर

सात रस्त्याला वाढलेला, आता पुण्यात. ताईंच्या आठवणी वाचून डोळे भरून आले, पण एक गोष्ट बोलावी लागेल.

हा अल्बम जितका शीला ई. यांचा म्हणून ओळखला जातो, तितका तो त्यांचा नाही. कव्हरवर निर्मितीत 'द स्टार कंपनी' असं नाव आहे, ते प्रिन्सनं घेतलेलं टोपणनाव. नावाचं गाणं तर त्यानं आधी अपोलोनिया ६ ह्या मुलींच्या गटासाठी ठरवलेलं. गाणी त्याची, मशीन त्याचं, बरीचशी वाद्यं त्याची. बाईंचा आवाज आणि वरचं तालवाद्य. मला हा अल्बम आवडतोच. पण भाचीला पूर्ण खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

धोटा_७१

सांगेन की. लपवायचं कशाला?

पण दादा, तुम्ही 'वरचं तालवाद्य' म्हणालात ते असं म्हणालात, जणू भाजीवर कोथिंबीर. त्याबद्दल मला बोलायचंय.

ती काही प्रिन्सनं कुठून शोधून आणलेली नवखी पोर नव्हती. ओकलंडची. वडील पीट एस्कोवेडो, स्वतः नावाजलेले तालवादक. काका कोक एस्कोवेडो सँटाना ह्या रॉक बँडबरोबर वाजवायचे. टिटो पुएंते, ज्यांना टिंबालेचा राजा म्हणतात, ते तिचे धर्मपिता. लहानपणी तिला व्हायोलिन शिकायला घातलं होतं, पण घरात रोज ताल चाललेला, हात तिकडंच वळले. पंधराव्या वर्षी वडिलांच्या बँडमधला काँगावाला आजारी पडला म्हणून त्याच्या जागी उभी राहिली. 'ग्लॅमरस लाइफ' यायच्या आधी जॅझवाल्या जॉर्ज ड्यूकच्या बँडमध्ये होती, गायक मार्विन गेबरोबर दौरा करून आली होती. सव्विसाव्या वर्षी तिचं नाव पहिल्यांदा कव्हरवर मोठं आलं, तोवर तिनं हात झिजवले होते. १९८७ च्या दौऱ्यात प्रिन्सच्याच बँडमध्ये ड्रमसेटवर तीच बसली. त्याला दुसरं कुणी मिळालं नसतं असं नाही. त्याला हाच हात हवा होता.

गाणं दुसऱ्याचं असलं म्हणून ठोका दुसऱ्याचा होत नाही.

हलगी_बाळीवेस

ताई, शेवटचं वाक्य लाखातलं बोललात.

मला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही, पोरानं हा धागा वाचून दाखवला. मग त्याच्याच फोनवर ते नऊ मिनिटांचं गाणं तीनदा ऐकलं. आमच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं वाजवत आलोय. तर मला कानाला काय लागलं तेवढं सांगतो.

एक. बाई काठाचा वापर लई करते. काडी नुसती चामड्यावर मारली तर एक आवाज, काठ आणि चामडं एकदम घेतलं तर दुसरा, कडक, लांब जाणारा. आपल्याकडं मिरवणुकीत माणसं पुढं सरकवायची असली की हाच ठोका लागतो. हा मशीनमधनं काढायचा म्हणजे कुणीतरी आधी हातानं मारायला लागतो.

दोन. मधी मधी आवाज पिंपाच्या अंगावरनं येतोय, पत्र्यावरनं, टिक् टिटिक् असा. पोरगं म्हणालं त्याला कास्करा म्हणतात, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ साल, टरफल. मला हसू आलं, म्हटलं सोलापूरच्या माणसाला शेंगांचं टरफल काय सांगतो बे! पण नाव बरोबर दिलंय. वाद्याच्या टरफलावर वाजवणं.

तीन, आणि हे खरं. मशीन प्रत्येक आवर्तनाला तिथंच येतं. बाई येत नाही. ती केसभर आधी पडते, कधी केसभर मागं, आणि समेला मात्र बरोबर भेटते. हलगीत जाड काडी ठोका धरते आणि डाव्या हातातली बारीक काडी तिच्याशी खेळते. तसंच. इथं जाड काडीच्या जागी मशीन ठेवलंय, एवढंच.

एक खटकलं. पोरानं व्हिडिओ दाखवला, त्यात बाई उंच टाचेच्या बुटानं झांजेला लाथ मारते. वाद्याला पाय लागला तर आम्ही पाया पडतो. बघवलं नाही. पण तोलात चुकली नाही, हे बी कबूल करतो.

पुण्यातला_सोलापूरकर

हलगीवाले काका, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यानंतर मी पुन्हा ऐकलं. आधी मी फक्त श्रेयनामावली ऐकत होतो बहुतेक. 'कोथिंबीर' मागे घेतो, ताई.

विजापूर_वेस_८४

'रोमान्स १६००' कुणी काढलाच नाही! १९८५ चा, ह्याच्या पुढचा. त्यातलं 'अ लव्ह बिझार' बारा मिनिटांच्या वर आहे, ते एका टेपवर मावलं नसतं ताईंच्या. पण मला विचाराल तर पहिलाच सरस. ह्यात 'शॉर्टबेरी स्ट्रॉकेक' आहे, ज्यात गाण्यापेक्षा वाजवणंच जास्त. भाचीला तिथून सुरू करायला सांगा, शब्द मध्ये येत नाहीत. 'नून रांदेव्हू' मात्र रात्री ऐकावं, शांत.

धोटा_७१

काल भाची आली होती. काय झालं ते सांगते.

आधी रेकॉर्डिंगवाले दादांची यादी तिला वाचून दाखवली. तिनं वहीत लिहून घेतली, मशीनमध्ये काय होतं, काय नव्हतं. मग 'शॉर्टबेरी' लावलं, मग शेवटचं. ती एक बोट वर करून बसली होती. मशीन असलं की बोट खाली, हात आला की वर. सुरुवातीला बोट खालीच. मग सारखं वरखाली व्हायला लागलं. उत्तरार्धात वरच राहिलं.

काकांचं 'केसभर आधी, केसभर मागं' वाचलं तेव्हा मला वडिलांचे माग आठवले. भिंतीला लागून दोन माग होते, एकाच कारखान्याचे, एकाच वर्षी घेतलेले. वेग सारखा, पण अगदी सारखा नाही. एकाचा धोटा (सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा) खट्, लगेच दुसऱ्याचा खट्, मग त्यांच्यातलं अंतर वाढत जायचं, मग परत कमी व्हायचं, आणि एक वेळ अशी यायची की दोन्ही धोटे एकदम वाजायचे, एकच खट्. मी अभ्यासाला बसून त्या एका ठोक्याची वाट बघत असायचे. लेखणी वहीवर तशीच. तो येऊन गेला की मग पुढची ओळ. ह्या अल्बमात मला काय आवडलं होतं ते मला इतक्या वर्षांत सांगता येत नव्हतं. हेच होतं. दोन चाली एकमेकांपासून सुटतात आणि भेटतात. फरक इतकाच की माग आपोआप भेटायचे. ही बाई भेटायचं ठरवून येते.

भाचीला हे सांगितलं. ती काही बोलली नाही. पिशवीतनं काड्या काढल्या, ताशा नव्हता, तर स्वयंपाकघरातलं पितळी पातेलं पालथं घातलं आणि कडेवर, अंगावर, बुडावर असं वाजवून बघायला लागली. गाणं लावून, खालच्या मशीनबरोबर. पहिल्यांदा चुकली. मशीन थांबत नाही ना, ताशाच्या पथकात सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, इथं कुणी सांभाळत नाही. चौथ्या वेळेला बसलं. मग मला म्हणाली, "मावशी, हिनं हे उंच टाचांवर उभं राहून केलंय?"

मी सांगितलं, आणि २०२१ मध्ये लॅटिन ग्रॅमीवाल्यांनी तिला जीवनगौरव दिला तेव्हाही तिचं वाजवणं चालूच होतं.

झांजेला लाथ मारायचा व्हिडिओ मी दाखवला नाही अजून. काका, तुमचं बरोबर आहे, मलाही ते बघताना हात जोडावेसे वाटतात.

एक विनंती. भाचीला हलगीतली ती दोन काड्यांची फेक शिकायची आहे, जाड आणि बारीक. तुम्ही बाळीवेशीत, आम्ही अशोक चौकापासून जवळच. रविवारी सकाळी जमलं तर घरी या. तुमच्या पोरालाही आणा. हलगी शेकायला शेगडी आमच्याकडे आहे, आणि कॅसेट पण आहे, तुटेपर्यंत ऐकवते.

हलगी_बाळीवेस

येतो ताई. दहाला.