मदत हवी आहे: आरेतल्या पाड्यांचे वनहक्क दावे

नमस्कार मंडळी. मुंबईत आरेमधल्या आमच्या वारली पाड्यावर वनहक्क कायदा, २००६ खाली दावे तयार करतोय. १३ डिसेंबर २००५ आधीचा जमिनीचा ताबा दाखवायचा आहे. कागद थोडेच, पण ज्येष्ठांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात, ते घेतलेत. शेंदूर लावलेला वाघोबा, जुने आंबे, भातखाचरं यांचे फोटोही काढलेत.

अडचण ग्रामसभेची, कारण दावे तिच्यापुढेच मांडायचे असतात. आम्ही पडलो महापालिका हद्दीत, म्हणून 'इथे ग्रामसभाच नाही' सांगून परत पाठवतात. १९४९ साली दुग्ध वसाहत आली, त्याआधीपासूनच्या माणसांना अतिक्रमणवाले म्हटलेलं सहन होत नाही.

शहरात कुणी पाड्याची सभा घेऊन वनहक्क समिती (दावे घेऊन तपासणारी गावपातळीवरची समिती) नेमली आहे का? सभा कुणी बोलावली, ठराव कसा लिहिला, उपविभागीय समितीकडून पोच मिळाली का? ठरावाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.