रेल्वेच्या डब्यात दिलेले पुस्तक

वेंगुर्लेकर: आमच्या तालुक्यात अलीकडे एका घरातील प्रार्थनासभा बंद पाडण्यात आली. तक्रार धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याची होती. सापडली ती मराठी शुभवर्तमानाची चार पुस्तके. मी जन्माने कॅथलिक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले असता रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील नवा करार दिला, आणि पुढे १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो सहप्रवासी आज पोलीस ठाण्यात बसवला गेला असता. मात्र आमचा हिशेबही स्वच्छ नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, आले आणि त्याची झळ नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाच अधिक बसली. त्याच पोर्तुगीज मुलखात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मला दुसरा वारसा हवा असेल, तर पहिला नाकारून चालणार नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, की धर्मप्रसारात, विशेषतः गरीब व अशिक्षित माणसांपुढे, सक्तीचा किंवा गैरमार्गाने मन वळवण्याचा भासही नसावा. म्हणून माझे मत असे, की मदत आणि सुवार्ता एकाच पिशवीतून नेऊ नयेत.

देवगडकर: पुस्तक देणाऱ्याशी माझे भांडण नाही. टिळक संस्कृतज्ञ होते, कवी होते, त्यांनी वाचून ठरवले; परंतु घरात आजारी मूल असलेल्या बाईला ‘प्रार्थनेला या, गुण येईल’ असे सांगणे हा वाचनाचा प्रकार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच म्हटले आहे, की राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मधील धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. शिवाय टिळकांच्या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची त्यांच्यापासून काही वर्षे ताटातूट झाली, ती किंमत कोणी मोजायची?

हर्णैकर: वेंगुर्लेकर, तुम्हांला श्रद्धा वारशाने मिळाली, मला ती तिसाव्या वर्षी मिळाली, म्हणून ‘सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा’ ही येशूची आज्ञा तुम्हांला ऐच्छिक वाटते. येशूने रोग्यांना बरे केले आणि देवाच्या राज्याची घोषणाही केली, वेगवेगळ्या खिडक्या उघडल्या नाहीत. देवगडकरांनी आमिषाचा हिशेब उलटाही मांडावा: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. तो काही मिळवत नाही, गमावतो. आणि लक्ष्मीबाईंनीही पुढे स्वतः विचार करूनच बाप्तिस्मा घेतला.

देवगडकर: दर्जा जातो हे खरे, आणि ते मला अन्यायाचेच वाटते. आजारी मुलाचे उत्तर मात्र मिळाले नाही.

वेंगुर्लेकर: तुमच्या निर्णयाची किंमत माझ्या वारशापेक्षा मोठी आहे, हर्णैकर, हे मान्य. तरीही दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट पाहा. येशूने दहाही जणांना बरे केले, पण आभार मानायला परत आला तो एक शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कोठे आहेत असे येशूने विचारले, पण त्यांचे बरेपण परत घेतले नाही. म्हणून ज्या घरी आपले औषध चालू आहे, तेथे ते संपेपर्यंत पुस्तक नेऊ नये, असे मी आमच्या मंडळींना सांगतो. त्यावर आमच्यातच अजून एकमत झालेले नाही.