‘ग्लुटिनस राइस’ला मराठीत काय लिहावं?

रवाळ
पूर्व आणि आग्नेय आशियाई स्वयंपाकाला लागणाऱ्या जिनसांची यादी मराठीत करायची आहे. वापरणारा ती हातात धरून सुपरमार्केटच्या रॅकसमोर उभा राहणार. शब्द वाचून बरोबर पाकीट उचलता आलं पाहिजे, एवढीच अट. गाडी अडली आहे ‘ग्लुटिनस राइस’पाशी. आधीच्या मसुद्यात ‘ग्लुटेनयुक्त तांदूळ’ लिहिलंय. ते ठार चूक आहे. गव्हातलं ग्लुटेन कुठल्याच तांदळात नसतं, आणि ज्याला ग्लुटेन चालत नाही तो माणूस हे वाचून त्याला चालणारी वस्तू परत ठेवेल. ‘चिकट तांदूळ’ केलं, तर हरकत आली की चिकट भात असतो, तांदूळ नव्हे. सुचवा.

तर्कटी
हरकत रास्त आहे. कच्चा दाणा कुठे चिकटतो? पण त्याहून मोठी अडचण म्हणजे सुशीचा तांदूळही शिजल्यावर चिकटच होतो, आणि तो ग्लुटिनस नाही. तो साधा, आखूड दाण्याचा जपानी तांदूळ. स्टार्च दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनतो: सरळ अमायलोज आणि फांद्यांचं अमायलोपेक्टिन. या तांदळाच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण १५ ते २० टक्के. ग्लुटिनसमध्ये ते जवळजवळ नसतंच, बाकी सगळं अमायलोपेक्टिन. दोघांपुढे ‘चिकट’ लिहिलंत तर कोणीतरी ग्लुटिनसची सुशी करायला बसणार आणि त्याच्या हाती दाणे न राहता एकसंध गोळा येणार.

शब्दपारखी
मराठीत शब्दांची वाण आहे का? ‘लसदार तांदूळ’ म्हणा. नाहीतर संस्कृतातला ‘चिक्कण’ आहेच. चिकणमातीतला चिकण तोच. चिक्कणतंडुल!

खडीसाखर
चिक्कणतंडुल वाचून गिऱ्हाईक आयुर्वेदिक औषधांच्या रॅककडे वळेल. आणि चिक्कणमध्ये गुळगुळीतपणा जास्त आहे, ‘चिकणा’ कशाला म्हणतात ते आठवा. इथे हवाय चिवटपणा, म्हणजे ओढला तर ताणला जाणारा.

तर्कटी
मुळात लॅटिनमध्ये ‘ग्लुटेन’ म्हणजे सरस, डिंक. ग्लुटिनस म्हणजे नुसतं सरसासारखं. गव्हातल्या प्रथिनाला तेच नाव मिळालं म्हणून हा गोंधळ. शब्दशः करायचं तर ‘सरस तांदूळ’, आणि मग उरलेले सगळे निरस. :)

पाटावरवंटा
नाव काहीही ठेवा, पण शेजारी ओळखायची खूण लिहा. साध्या तांदळाचा कच्चा दाणा थोडा पारदर्शक, काचेसारखा दिसतो. ग्लुटिनसचा दाणा खडूसारखा पांढराफेक आणि अपारदर्शक. पाकीट उजेडात धरलं की कळतं. शंका उरलीच तर घरी दाणा ठेचून त्यावर आयोडिनचा थेंब टाका: साधा निळा-काळा होतो, हा तांबूस-तपकिरी.

पाकिटावर थाई ‘खाओ नियाओ’, चिनी ‘नुओमी’, जपानी ‘मोचिगोमे’, कोरियन ‘चापसाल’, मलय ‘पुलुत’ किंवा फिलिपिनो ‘मालागकित’ असेल तर माल हाच. थाई दाणा लांब असतो, जपानी-कोरियन आखूड आणि गोल. म्हणजे दाण्याच्या लांबीवरून काही ठरत नाही. ‘जॅस्मिन’ हा सुवासिक थाई तांदूळ म्हणजे हा नव्हे. रंगावरही जाऊ नका. काळा तांदूळ ग्लुटिनस असतो तसा साधाही असतो.

रवाळ
म्हणजे ‘मोची तांदूळ’ लिहू? याच तांदळाचा जपानी चिवट गोळा, मोची, आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

शब्दपारखी
थाई पदार्थाच्या यादीत जपानी शब्द! इंग्रजी नको म्हणून जपानी आणायचा, यात मराठीने कमावलं काय?

खडीसाखर
मराठीने काय कमावलं हा प्रश्न यादीचा नाही, गिऱ्हाइकाने काय आणलं हा आहे. ‘चिकट तांदूळ (ग्लुटिनस)’ लिहा आणि मोकळे व्हा. पाकिटावरचं अक्षर यादीत नसेल तर शुद्ध शब्द जाळायचा आहे का?

पाटावरवंटा
शिजवण्याची सूचनाही लागेल, कारण साध्या भातासारखं दुप्पट पाणी घालून कुकर लावला तर लगदा होतो आणि दोष शब्दावर येतो. हा तांदूळ आधी निदान ४ तास, जमल्यास रात्रभर भिजवायचा. दाण्याला लागणारं बहुतेक पाणी तेव्हाच आत जातं. मग पूर्ण निथळून, फडक्यावर पसरून २५ ते ३० मिनिटं वाफवायचा आणि मध्येच एकदा उलटायचा. उलटला नाही तर वरच्या थरात कणी राहते. काळ्या ग्लुटिनसला कोंडा असतो, त्याला भिजवणं आणि शिजवणं दोन्ही जास्त.

निमूट
पिठाचं काय? यादीत ‘तांदळाचं पीठ’ आणि ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ दोन्ही असतील ना?

पाटावरवंटा
असतीलच, आणि चुकीचं पाकीट सगळ्यात जास्त तिथेच उचललं जातं. पांढरी पिठं हाताला सारखीच लागतात. तीन डोक्यांच्या हत्तीचं चित्र असलेल्या थाई ब्रँडवर साध्या पिठाची अक्षरं लाल, ग्लुटिनसची हिरवी, टॅपिओकाची (कसाव्याच्या कंदाचा स्टार्च) निळी. दुसऱ्या ब्रँडला हा नियम लावू नका, तिथे नाव वाचावंच लागतं. जपानीत ‘मोचिको’ आणि ‘शिरातामाको’ ग्लुटिनसची, ‘जोशिनको’ साध्या तांदळाचं. मोचीला जोशिनको घेतलं तर गोळा ताणला न जाता तुटतो. उलट, तांदळाच्या शेवयांना ग्लुटिनस वापरलं तर शेवया सुट्या राहत नाहीत.

शब्दपारखी
टॅपिओका हे पीठ नव्हे, ‘पिष्ट’ म्हणा. स्टार्चला तो शब्द आहे, शाळेच्या पुस्तकात ‘पिष्टमय पदार्थ’ शिकलोय आपण.

तर्कटी
पीठ हे पिष्टचंच तद्भव रूप. एकाच शब्दाची दोन रूपं घेऊन एक दळलेल्या दाण्याला आणि एक त्यातून काढलेल्या स्टार्चला वाटून देताय. वाचणाऱ्याने हा फरक कुठून ओळखायचा? चांगला शब्द ‘सत्त्व’. किंवा ‘चीक’: धान्य भिजवून, वाटून, गाळून खाली बसतो तो. प्रक्रियाही हीच.

खडीसाखर
चीक म्हटलं की निम्म्यांना झाडाचा चीक आठवेल. आणि मक्याचं काय करणार? ‘मक्याचं पीठ’ लिहिलं तर लोक पिवळं, दळलेल्या मक्याचं पीठ आणतील. सॉस दाट करायला हवा असतो तो स्टार्च, आपल्याकडचं कॉर्नफ्लॉवर. अमेरिकन पाककृतीत मात्र ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणजे दळलेला मकाच, तिथे स्टार्चला ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात. ‘कॉर्नफ्लॉवर’ला हसणारे हसोत, त्याने माल बरोबर येतो.

निमूट
टॅपिओकाला ‘साबुदाण्याचं पीठ’ लिहिलेलं पाहिलंय.

पाटावरवंटा
नको. बाजारातला साबुदाणा टॅपिओकाच्याच स्टार्चचा असतो, हे खरं. पण दाणा करताना त्याला उष्णता मिळते आणि स्टार्च थोडा शिजून जातो. तो दळला की कच्च्या स्टार्चसारखा वागत नाही, गार पाण्यातच फुगायला लागतो. टॅपिओका स्टार्च गार पाण्यात दुधासारखा कालवला जातो आणि गरम झाल्यावरच दाट होतो.

तर्कटी
साबुदाण्यातला ‘साबु’ मलय ‘सागू’वरून, आणि तो सागो ताडाच्या खोडातला गर. नाव ताडाचं, माल कंदाचा. अशी नावं रुळतात. मग ‘चिकट तांदूळ’च कशाला खुपतो?

निमूट
यादीत ‘लाइट सोया सॉस’ आहे का? तो ‘हलका’ करू नका. लोक कमी मिठाचा समजतात.

खडीसाखर
‘फिका’ आणि ‘गडद’?

शब्दपारखी
‘फिका’ही अळणीकडे झुकतो. फिका चहा म्हणजे कसला, ते सांगायला नको.

पाटावरवंटा
आणि तो कमी मिठाचा मुळीच नसतो. चिनी लाइट सोया, ‘शेंगचोउ’, हा खारटपणासाठी. डार्क, ‘लाओचोउ’, हा रंगासाठी. जास्त मुरवलेला, बहुतेक वेळा कॅरॅमल घातलेला, जरा गोडसर आणि दाट. चार माणसांच्या नूडल्सना डार्क १ चमचा पुरतो. लाइटच्या मापाने ओतला तर नूडल्स काळ्या होतात. उलट केलं तर रंग येईपर्यंत लाइट ओतत राहता आणि ताट खारट. जपानी ‘उसुकुची’ही रंगाने उजळ, पण नेहमीच्या ‘कोइकुची’पेक्षा खारट.

ग्लुटेनचा इशारा द्यायचाच असेल तर तो इथे द्या. सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवतात. गहू टाळायचा तर ‘तामारी’ हा जपानी सोया सॉस, तीही घटक वाचून, कारण काही तामारींत थोडा गहू असतो. ऑयस्टर आणि होइसिन सॉसमध्येही तो सापडतो.

शब्दपारखी
‘रंगाचा सोया’ आणि ‘मिठाचा सोया’ का नको? फिका-हलकाची भानगडच नाही.

खडीसाखर
बाटलीवर ‘लाइट’ छापलंय हो.